माहेर कोणाच्या नावावर

मी, कमळी धर्मा मढवी, वय एकाहत्तर, कनिष्ठ महाविद्यालयातून निवृत्त, राहणार द्रोणागिरी, नवी मुंबई, आज पूर्ण शुद्धीत, कोणी न सांगता, न दटावता हे मृत्युपत्र लिहून ठेवते. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझं डोकं ठिकाणावर नाही असं माझ्या माहेरगावात वीसेक वर्षांपूर्वी ठरलं होतं, म्हणून दाखला मुद्दाम ताजा घेतला. नाव कमळी असंच वाचावं. ‘कमल मॅडम’ हे कॉलेजनं केलेलं बारसं होतं, कागदोपत्री ते कुठेही नाही.

यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही. घाई नव्हती. आता आहे, आणि तिचं कारण कलम चारमध्ये येईल.

कलम १. अंत्यविधी. विषाचा पेला यायच्या आधी सॉक्रेटिसला मित्रांनी विचारलं होतं, तुला पुरायचं कसं? तो हसला, कारण मागे उरणार होतं ते त्याचं शरीर, तो नव्हे. मलाही या प्रश्नाचं हसूच येतं. गावच्या स्मशानात न्या, नाहीतर जिथे गाड्या लावायला जागा मिळेल तिथे न्या. मात्र नाक्यावर माझा बॅनर लागता कामा नये. त्यावर गेलेल्या माणसापेक्षा खालच्या शोकाकुल मंडळींचे फोटो मोठे असतात आणि त्यातले निम्मे पुढच्या निवडणुकीला उभे असतात.

कलम २. मी आयुष्यभर तर्कशास्त्र आणि तत्त्वज्ञान शिकवलं. त्याची सगळी पुस्तकं आणि हॉलमधल्या प्लास्टिकच्या खुर्च्या कुंदनला द्याव्यात. कुंदन पलीकडच्या कंटेनर यार्डात कारकून आहे आणि रविवारी सकाळी माझ्याकडे वाद घालायला जमणाऱ्या मंडळींतला सर्वांत भांडखोर. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही त्यानंच करावी. एपिक्युरस नावाच्या ग्रीकानं आपल्या मृत्युपत्रात बाग ठेवली होती, मित्रांना एकत्र बसून विचार करता यावा म्हणून. माझ्याकडे बाग नाही, तुळस आणि कोरफड आहे. खुर्च्यांवर भागवा.

त्या एपिक्युरसचं म्हणणं सोपं आहे. भूक भागते, हौस भागत नाही, तेव्हा आधी दोन्ही वेगळ्या ओळखायला शिका. हे सांगितलं तेव्हा कुंदनच्या भावाचं लग्न ठरलं होतं. तो म्हणाला, “मॅडम, मग हळदीचा डीजे भूक की हौस?” मी म्हटलं, “बापाला विचार.” त्यानं खरंच विचारलं. बाप खवळला, पण दोनाऐवजी एकच डीजे आला. इतका परिणाम माझ्या वर्गात कधी झाला नव्हता.

माझा मुलगा कल्पेश म्हणतो, “आई, ते ग्रीक लोक कधीचे मेले. आपला काय संबंध?” बाबा रे, मिरचीही बाहेरूनच आली. तिच्याशिवाय आता तुझ्या घशाखाली कालवण उतरतं का?

कलम ३. या इमारतीच्या तळमजल्यावरचा गाळा आणि बँकेतल्या ठेवी कल्पेशला. माझे यजमान धर्मा तुर्भ्याच्या कारखान्यात फिटर होते. त्यांची पान्यांची पेटीही त्यालाच, कारण ट्रक त्याचे आहेत आणि पाने मागायला तो शेजारी जातो. कल्पेश वाईट मुलगा नाही. मला दवाखान्यात नेतो, बायकोला चहा करून देतो. फक्त जे चालत आलंय ते बरोबरच असणार असं धरून चालतो, आणि अशा सज्जन माणसांचीच मला जास्त काळजी वाटते. सोन्याच्या बांगड्या माझ्या लेकीच्या लेकीला, मैत्रीला. मोडून शिकली तरी चालेल.

कलम ४. आता तिसऱ्या मजल्यावरचा हा राहता फ्लॅट.

आमची उरणकडची खारी भातशेती सरकारनं घेतली आणि पुढे घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के परत द्यायच्या हिशोबात वडिलांच्या नावे इथे भूखंड मिळाला. तोवर वडील गेले होते. माझा भाऊ किसन आम्हा बहिणींना गाडीत घालून कचेरीत घेऊन गेला. हक्कसोडपत्र तयार होतं, सोबत पेढे आणि दोन साड्या. आमच्याकडे हे असंच चालतं. बहीण सही करते, हिस्सा भावाला सोडते आणि माहेर शाबूत ठेवते. आमची आई गोजरा धवलारीण होती, गाणी म्हणून लग्नं लावायची. तिच्या गाण्यांतसुद्धा लेकीला साडी मिळते, चोळी मिळते, जमीन कधी मिळाली नाही.

थोरल्या सुंदराबाईनं अंगठा उठवला. मी विचारलं, “किसन, माहेर म्हंजे काय?”

“माहेर म्हंजे माहेर.”

“घर का मानसं?”

“दोनी.”

“घर असंल तं त्यान माजा वाटा हाय. मानसं असतील तं ती कागदानं कशी तुटतील? मंग सही कनाला?”

किसन लालेलाल झाला. “तू कालेजान पोरांना शिकव. मना नको शिकवू.” पेढे ठेवून साडी तेवढी परत घेऊन गेला. साडी चांगली होती, जांभळी.

पुढे बिल्डरनं भूखंडावर ही इमारत बांधली आणि माझ्या वाट्याला हा फ्लॅट आणि तो गाळा आला. किसन तेव्हापासून माझ्याशी बोललेला नाही. सुंदराबाईला तिचं माहेर मिळालं: वर्षाला एक साडी आणि परतीची रिक्षा. मी पुन्हा तिथे उभी राहिले तर पुन्हा तोच प्रश्न विचारीन.

यंदा गौरी जेवणाच्या दिवशी माझी मुलगी भाविका, जिला तळोज्याला दिलं आहे, ती कल्पेशच्या पानात भात वाढता वाढता म्हणाली, “दादा, आईच्या मागं मी सही करून देईन हां. टेन्शन नको घेऊ. मला काय नको. गौरीला बोलावशील ना, बस.” कल्पेश म्हणाला, “अगं, बोलावणारच ना.” आणि दोघं वरणाबद्दल बोलू लागले.

माझ्या पोटची, माझ्या हाताखाली शिकलेली मुलगी!

भाविका, तुला खरंच काही नको असतं तर मी गप्प बसले असते. पण तुला हवं आहे. तुला गौरीचं बोलावणं हवं आहे आणि ते तू घर देऊन विकत घेते आहेस. दरवर्षी ते येतंय का याची वाट बघत, मान खाली घालून येशील. ते मला बघवणार नाही, मेल्यावरसुद्धा.

म्हणून तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, आतल्या देव्हाऱ्यासह, गौरीच्या मुखवट्यांसह, चुलीपासून गॅलरीपर्यंत, मी एकट्या भाविकाला देते. माहेर तुटेल म्हणून सही करणार होतीस ना? घे, माहेरच तुझ्या नावावर केलं. आता गौरी तुझ्याकडे बसतील आणि कल्पेशला तू बोलवायचंस. बोलाव हो, त्याला उकडीचे मोदक लागतात.

वकील म्हणाले, “मॅडम, नंतर तिनं भावाला बक्षीसपत्र करून दिलं तर? अट घाला.” अट घालणार नाही. काही गोष्टी आपल्या हातात असतात, काही नसतात, आणि शहाणपण म्हणजे दोन्हींची गल्लत न करणं, असं त्या ग्रीकांतलीच स्टोइक पंथाची मंडळी सांगून गेली. नोकरी, बदली, दुखणं, यजमानांचं जाणं, सगळं मी या एका वाक्यावर काढलं. माझी सही माझ्या हातात होती, ती मी सांभाळली. तुझी सही तुझ्या हातात आहे. जबरदस्तीनं राखलेलं घर मला नको. फक्त पेन उचलण्याआधी ‘कशासाठी?’ एवढं स्वतःला विचार, आणि उत्तर येईपर्यंत थांब. माझा जीव त्या प्रश्नात आहे गं.

कलम ५. एक साक्षीदार दाखला देणारे डॉक्टर. दुसरा म्हणून मी किसनला निरोप धाडला आहे. त्याला या कागदानं काही मिळत नाही, म्हणून कायद्यानं तो चालतो. येणं न येणं त्याच्या हातात. नाही आला तर शेजारच्या दुर्गाबाई तयार आहेत, त्यांना सही करायची हौसच आहे.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला, आणि त्यातला एक शब्दही मला मागे घ्यायचा नाही.

(सही) कमळी धर्मा मढवी
द्रोणागिरी, नवी मुंबई
१२ ऑक्टोबर २०२५

साक्षीदार:

१. (सही) डॉ. दिलीप घरत. कमळीबाईंनी माझ्यासमक्ष सही केली. प्रकृती आणि जीभ दोन्ही उत्तम.

२. मी किसन हिराजी भोईर, कमळीचा भाव. तिनं माज्यासमोर सही केली. डॉक्टर बोलतान फक्त सही करा, पन मना भाविकाला सांगायचा हाय, म्हनून लिवतू. भाविका बाय, कचेरीतल्या त्या दिसापासून मी तुजे आयशीला गनपतीला कंदी बोलावला नाय. तरी ती दर वर्साला आली. मी तोंड फिरवून बसायचू. ती देवाला हात जोरायची, ओटीवर सुंदराबायचे बाजूला बसून च्या प्यायची, आन् माज्या पोरांच्या हातावर खाऊ ठेवून जायची. यो तिनं कागदान लिवला नाय. माहेर तिचा तुटलाच नाय बाय, तुटलू तो मी. तू सही करू नको.

(सही) किसन हिराजी भोईर