दोन वेळच्या जेवणाची सोय

सोम., ५ जाने.
सकाळीच नीताचा फोन, बंगळूरहून. डिसेंबरभर लेकीला 'जेवलो, जेवलो' सांगत होतो. डॉक्टरांनी वजन तिला परस्पर कळवलं. सहा किलो कमी. "बाबा, थापा पुरे. अठराला येतेय. तोवर जेवणाची नीट सोय दिसली नाही, तर एकोणीसला माझ्याबरोबर यायचं. कायमचं. दोन तिकिटं काढलीत." मागे एकदा गॅस चालू राहिला, तेव्हापासून शेगडीला हात लावायचा नाही हे ठरलेलंच. डबा दोनदा लावून पाहिला. पोळ्या वातड, माझे दात उसने.
तिच्याकडे चौदावा मजला. खिडकीखाली मराठी ऐकू येत नाही.

बुध., ७ जाने.
कोथरूड पालथं घातलं. एका थाळीत भाजीवर बोटभर तेल. दुसरीकडे जेवण उत्तम, पण रोज तिथे गेलो तर पेन्शन आठवड्यात संपेल. तिसरीकडे पाचवीच्या पुस्तकातली नदीची कविता मनात म्हणत बसलो, तर मालक: "आजोबा, डोळे मिटायचे असतील तर घरी मिटा. लोक उभे आहेत."
मग बसने सदाशिव पेठेत, कॉलेजातली माझी मेस शोधायला. तिथे आता मोबाइलची कव्हरं विकतात. तरी पाच मिनिटं उभा राहिलो. आमटीला फोडणी पडल्यासारखी वाटली. बिस्किटांचा पुडा घेऊन परत. राहिले अकरा दिवस.

शनि., १० जाने.
सापडली बहुतेक! मागच्याच गल्लीत, तळमजल्यावरच्या फ्लॅटमध्ये. वानखेडेवहिनी, यवतमाळकडच्या. जेवणारे सगळे आयटीतले, नाहीतर विद्यार्थी. रश्श्याचा पहिला घास आणि डोळ्यांतून पाणी. वहिनी बघत होत्या. "काका, तुमचं तिखट घालायच्या आधी काढून ठेवत जाईन जी. पण वेळेवर या, मी वाट नाही पाहत." मऊ भाकरी, वरण, पालेभाजी. महिन्याचं बिलही पेन्शनमध्ये न दुखता बसतं.
पोटभर जेवलो. आता हेही बंद पडायला नको...

बुध., १४ जाने.
संक्रांत. गुळाची पोळी, वर तूप. एकदम पाचवीचा वर्ग, खिडकीतलं ऊन, गुरुजींचा आवाज. नदीची अख्खी कविता मोठ्याने म्हणून मोकळा झालो. शेजारचा आयटीवाला म्हणाला, "आजोबा, फुल पाठ? सॉलिड!" वहिनी आतून, "कविता मग म्हणा जी, पोळी निवते."
वजन पाऊण किलो वर. नीताला कळवलं, रविवारी संध्याकाळी ये, मेसवरच जेवू. ती नुसतं "बघू" म्हणाली.

रवि., १८ जाने.
काय केलं मी हे!
दुपारी मेसमध्ये फीस्ट, मसालेभात आणि श्रीखंड. तृप्त होऊन घरी आलो. संध्याकाळी नीताला घेऊन गेलो तर दाराला कुलूप. पुण्यात कुठल्याही मेसमध्ये रविवारी दुपारी फीस्ट असली की रात्री सुट्टी. कॉलेजची चार वर्षं ज्याने रविवारची रात्र उपाशी काढली, तोच हे विसरला.
"बाबा, इथे पाटीसुद्धा नाही."
"घरगुती आहे गं. पाटी कशाला?"
"डिसेंबरातही तुम्ही जेवतच होतात ना?"
वहिनींचा फोन बंद. कोपऱ्यावर इडली खाल्ली, ती मान वर न करता खात होती. आत्ता शेजारच्या खोलीत माझी बॅग भरतेय. कपाटाचं दार वाजतंय.

सोम., १९ जाने.
विमान चारचं. सकाळी हात जोडले, म्हटलं एकदा चल, मग तू म्हणशील तसं. बारा वाजता दार उघडं! वहिनी: "या नीताताई. काल आल्या असत्या तर फीस्ट मिळाली असती, पण दुपारी." नीता जेवली. दुसरी भाकरी मागून घेतली. मग स्वयंपाकघरात गेली. मी कान देऊन.
"खरंच जेवतात?"
"अर्धा वेळ कविता चालते. पण ताट रिकामं झाल्याबिगर मी उठू देत नाही जी."
घरी आल्यावर बॅग तिनेच रिकामी केली. माझं तिकीट मात्र रद्द नाही, पुढे ढकललंय. फेब्रुवारीअखेर वजन बघून ठरवणार.
टॅक्सीत बसली, काच खाली केली.
"आणि रविवारी रात्री काय खाणार, बाबा?"
मी तोंड उघडलं. मागची रिक्षा हॉर्न वाजवत होती. टॅक्सी निघाली.