वाळू रोज सरकते

नवी आंबेवाडी, ता. दिंडोरी
१४ मे २०२४

चि. सौ. स्नेहल हिला नानांचे अनेक आशीर्वाद. सृष्टीला गोड पापा. तुझ्या आईवडिलांना नमस्कार सांग, त्यांना चालणार असेल तर.

आज पहाटेपासून कानात एक जुना भोंगा वाजतो आहे. मी चौथीत होतो तेव्हा आपल्या धरणाचं काम सुरू झालं होतं. दुपारी भोंगा व्हायचा आणि पाठोपाठ सुरुंग उडायचे. आमचे गुरुजी कविता शिकवत असले तर असतील तिथंच थांबायचे, अगदी ओळीच्या मधोमध. कान झाका म्हणून हाताने खुणावायचे. मग जमीन हादरायची, कौलांतून माती गळायची. गुरुजी टोपीवरची माती झटकायचे आणि ओळीतला राहिलेला शब्द म्हणायचे, जणू मधे काही घडलंच नाही. पुढं त्याच धरणाने शाळाही पोटात घेतली. पण अजून एखादी कविता ओठावर आली की मधेच तेवढी जागा मोकळी राहते. तू हसायचीस, "नाना, पुढचं विसरलात ना?" विसरत नाही गं. थांबतो.

फोन सोडून पत्र कशाला, असं वाटेल तुला. फोन तुझे वडील उचलतात आणि "ती मळ्यात गेलीय" म्हणतात. वर्षभर मळ्यातच असलेली मुलगी मी तरी पाहिली नाही. असो. त्यांच्या जागी मीही हेच केलं असतं.

इकडची खबर. द्राक्षांची छाटणी शेजारच्या कोंडाजीने माणसं लावून उरकून घेतली. काड्या बऱ्या फुटल्यात. तुझ्या सासूबाईंचे गुडघे आता उठता-बसता वाजतात, तोंड मात्र ठणठणीत आहे. तू लावलेला कढीपत्ता माझ्या खांद्याला लागला. शेजारपाजारच्या बायका आल्या की सासूबाई त्यांना सुरतेचं सांगत बसतात. आपला शेखर तिथं कापडाच्या गिरणीत लागलाय, खोली हवेशीर आहे, शेजारची गुजराती बाई वाटीभर कढी देते, गोड असते म्हणून त्याला आवडत नाही. हे तिला कोण सांगतं, मी विचारत नाही. बायकाही विचारत नाहीत.

मी काय करतो? फिरतो. सकाळी लुना काढायची आणि निघायचं. आपल्या आजूबाजूला किती वाटा आहेत हे मला या वयात कळतंय. कालव्याच्या कडेची वाट, बाभळींमधून जाणारी पाणंद, दोन द्राक्षबागांच्या तारांमधून जेमतेम बैल जाईल एवढी गल्ली. सगळ्या शेवटी धरणाच्या फुगवट्याकडेच उतरतात, जशा गावातल्या सगळ्या गप्पा एकाच माणसावर येतात.

यंदा पाणी फार मागं हटलंय. जिथं नदी धरणात शिरते तिथं उघड्या पडलेल्या वाळूवर पश्चिमेचा वारा काम करतो. आधी घोट्याएवढी लाट, मग कंबरेएवढी, आणि आता माणूस मागं लपेल एवढ्या टेकड्या झाल्यात. सकाळच्या उन्हात त्यांची एक बाजू साईसारखी दिसते आणि दुसरी निळसर. राजस्थान बघायला लोक पैसे खर्चून जातात. आपलं राजस्थान लुनावर जाऊन येण्याइतकं जवळ आहे. त्यांच्या पलीकडे आमची जुनी आंबेवाडी. चावडीचा ओटा, मारुतीचा चौथरा आणि दिंडोरीकडे जाणारी जुनी सडक, फरशीच्या पुलासकट. पाणी ओसरलं की आपली माणसं अजून त्याच सडकेने जातात. डांबरी रस्त्याचा वळसा वाचतो हे एक, आणि ती सडक आपली वाटते हे दुसरं. तुला ठाऊकच आहे.

गाळपेरा सुरू आहे. बुडालेल्या जमिनीचे मालक उन्हाळ्यापुरते परत मालक होतात. बांध कुठं होता ते आठवून दगड मांडायचे आणि त्या दगडांच्या आत पेरायचं. सहादूने टरबुजं लावलीत. मला बघितलं की लांबूनच ओरडतो,

"या कवी! आज कोणती म्हणणार, पावसाची का चिमणीची?"

"तुझ्या टरबुजांची."

"त्यांच्यावर नका करू, फुटत्यात लाजून." मग जवळ येऊन म्हणाला, "नाना, रोज त्या टेकड्यांमागं काय करता तुमी? उनाचं हाय, चक्कर यायची."

"बसतो."

"बसायला माझं खोपट हाय की."

घरी आलो तर सासूबाई दारातच. चपलेतली वाळू ओट्यावर झटकली म्हणून भडकल्या. "रोज टोपलंभर वाळू घरात आणता. काय पुरलंय तिथं तुमचं? धन हाय का?"

मी हातपाय धुतले आणि जेवायला बसलो. पिठलं होतं.

पाऊस लागला की हे सगळं पुन्हा पाण्याखाली जाईल. तोवर फिरून घेतो. तुझं कसं चाललंय ते लिही. दोनच ओळी लिही, पण तुझ्या हाताने.

नाना


नवी आंबेवाडी
२८ मे २०२४

चि. स्नेहल हिला आशीर्वाद.

नावाआधी 'सौ.' लिहायला आज हात उचलला नाही. का, ते खाली वाचशील. एकदम वाचू नकोस. सृष्टी झोपली असेल तेव्हा वाच.

तुझं पत्र आलं. तू लिहिलंस, "नाना, मला टेकड्या नकोत. मला एवढंच सांगा, ह्यांचा फोन तुम्हाला येतो का? आईंना सुरतेचं एवढं सगळं कसं कळतं? मला पत्ता द्या. मी भांडायला जाणार नाही. फक्त विचारणार आहे, की मी असं काय बोलले की तुम्ही लेकरालाही सोडून गेलात."

हे वाचून मी लुना काढली, कालव्यापर्यंत गेलो आणि परत आलो. ऊन होतं म्हणून नाही.

फोन येत नाही, पोरी. कधीच आला नाही. सुरत सासूबाईंनी वसवलीय. आधी गाव म्हणालं, दिंडोरीच्या स्टँडवर त्याला संध्याकाळी पाहिला, म्हणजे गाडी कुणाकडे तरी ठेवून बस धरून गेला असेल. मग कुणीतरी सुरतेचं नाव घेतलं. तिने तेवढंच धरलं आणि त्यावर खोली बांधली, खिडकी बसवली, शेजारीण आणून ठेवली. वर्षभर त्याला तिथं जेवू घालतेय. मी ते मोडलं नाही. मलाही तिथं जाऊन बसायला बरं वाटायचं, खोटं कशाला सांगू.

तो गेला त्या दिवशी दुपारी तुमचं भांडण झालं. तुझ्या चुलतबहिणीची हळद होती आणि तो म्हणाला, मला औषध फवारायचंय, जमणार नाही. तू म्हणालीस, "मग राहा तुमच्या द्राक्षांपाशीच, नाही आलात परत तरी चालेल." आतल्या खोलीतून मी ऐकलं होतं. घराघरातलं वाक्य आहे ते. तुझ्या सासूबाईंनी मला ते इतक्या वेळा ऐकवलंय की मोजणारा दमेल. मी प्रत्येक वेळी जेवायला घरी होतो.

तो मोटारसायकल काढून औषध आणायला दिंडोरीला गेला. चार वाजता पंचायतीने स्पीकरवरून सांगितलं की वरच्या धरणातून खाली पाणी सोडणार, जुन्या सडकेने कुणी जाऊ नका. तू ऐकलंस, मी ऐकलं. तो तेव्हा घरात नव्हता. आपल्याला वाटलं, दिंडोरीत आहे म्हणजे कुणीतरी त्याला सांगेलच, तो वळशाने येईल. मग तो आलाच नाही, आणि स्टँडवर दिसला होता. एवढ्यावर सगळ्यांचं समाधान झालं. रागावून परगावी गेलेल्या माणसाला पाण्यात कोण शोधतं?

आता लिहितो.

मे लागला त्या आठवड्यात मी टेकड्यांमधून फिरत होतो. फरशीच्या पुलापासून थोडं अंतर असेल. वाऱ्याने एका टेकडीचा उतार खाल्ला होता आणि वाळूत काहीतरी हिरवट चमकलं. काच असेल वाटलं. बोटाने वाळू सारली तर अक्षर निघालं, "ष्टी". रेडियमचं. आणखी सारली तर आधीचं अक्षर. मागच्या मडगार्डवर तूच हट्टाने लावून घेतलेलं, दिंडोरीच्या त्या पेंटरकडे सृष्टीला कडेवर घेऊन उभी होतीस.

गाडी आडवी होती. गंजलेली, पण आपलीच. आजूबाजूला मी हातांनी उकरलं, संध्याकाळपर्यंत. त्याचं काही सापडलं नाही. चप्पलसुद्धा नाही. पाण्याने कुठवर नेलं, गाळात कुठं ठेवलं, कोण सांगणार.

मग मी काय केलं माहीत आहे? गाडी परत झाकली. ओंजळीने वाळू टाकून झाकली, वर हात फिरवून सारखी केली, आणि घरी येऊन भाकरी खाल्ली.

तेव्हापासून रोज जातो. वारा रोज हँडल उघडं पाडतो, मी रोज झाकतो. सहादूला वाटतं म्हातारा कविता म्हणत बसतो. कधी कधी म्हणतोही. हात वाळूत असले की लहानपणची एखादी ओठावर येते आणि मधेच थांबते. माझा हिशेब सरळ होता. मृग लागेल, पाणी चढेल, गाडी बुडेल, आणि शेखर सुरतेत राहील. सासूबाई त्याला कढी देत राहतील. आणि तू कळवणात माहेरी कुंकू लावून वाट बघत राहशील, रोज स्वतःला एक वाक्य ऐकवत. हे शेवटचं मला दिसतच नव्हतं, किंवा दिसत होतं आणि मी त्यावरही वाळू टाकत होतो. तुझं पत्र आलं तेव्हा ते उघडं पडलं.

एक गोष्ट सांगायची आहे आणि तीच खरी सांगायची आहे. गाडी पुलाच्या अलीकडे आहे. आपल्या बाजूला. संध्याकाळी तो दिंडोरीत होता, म्हणजे तो पूल ओलांडून इकडे आला होता. पाण्याने त्याला गाठलं ते घरी येताना. तो तुला सोडून कुठंही गेला नव्हता, स्नेहल. राग निवला होता त्याचा. हळदीला जायला उशीर होऊ नये म्हणून त्याने जवळची वाट धरली, असं मी मानतो. मानायला कुणाची परवानगी लागत नाही.

तू बोललेल्या वाक्याने तो गेला नाही. हे माझ्या तोंडून तुला महिन्यापूर्वी कळायला हवं होतं. तुझा महिना मी खाल्ला. त्याची माफी मागायला शब्द शोधत नाही, मिळाला तरी तो मला शोभणार नाही.

उद्या सकाळी पोलीस पाटलाकडे जातो. ट्रॅक्टरने गाडी काढावी लागेल. पंचनामा होईल, लोक जमतील. मग तू म्हणशील तसं. त्र्यंबकला देह न सापडलेल्यांसाठी विधी करतात, पळसाच्या पानांचा माणूस करून. तुला करायचा असेल तर मी बसेन. नसेल करायचा तर नाही. आणि तुझे वडील पुढचं काही बघत असतील, तर त्यांना म्हणावं, हा सावळीराम आडवा येणार नाही. तेवढी सृष्टी दिवाळीला चार दिवस पाठवा.

राहिल्या सासूबाई. त्यांना कसं सांगायचं हे अजून ठरत नाही. आज दोनदा स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेलो. पहिल्यांदा त्या तांदूळ निवडत होत्या. दुसऱ्यांदा म्हणाल्या, "काय पायजे? असे का उभे ऱ्हायले, मामलेदारासमोर उभं ऱ्हायल्यासारखे?" पाणी मागून परत आलो. उद्या ट्रॅक्टर निघायच्या आधी सांगायला हवं, नाहीतर गाव सांगेल.

कुणीतरी दार वाजवतंय. थांब जरा.

*

स्नेहल, तू आलीस.

हे अजून टेबलावर आहे, म्हणून चार ओळी वाढवतो. तू मोरीत पाय धुते आहेस. सृष्टीला आणलं नाहीस, बरं केलंस. कळवणच्या एसटीने आलीस, फाट्यावरून चालत, एवढ्या उन्हात. उत्तर यायची वाट पाहिली नाहीस. मला तुझ्याशी बोलायला वेळ हवा होता, तो तू दिला नाहीस, तेही बरोबरच केलंस.

तुला दारात बघून सासूबाई गुडघ्यांसकट धावल्या. त्यांना वाटलं तू निरोप घेऊन आलीस. "शेखरचा फोन आला ना तुला? मला ठावं होतं, आधी तुलाच करील. कधी येतोय?"

तू त्यांच्या हातातला तांब्या घेतलास आणि म्हणालीस, "नानांना विचारा आई. मी त्यांनाच विचारायला आलेय."

मोरीतलं पाणी थांबलं. तुम्ही दोघी इकडेच येताय. तुझ्या ओल्या पावलांचा आवाज येतोय आणि मागून त्यांचे गुडघे. पत्र लिहून तुला एकटीला सांगायचं म्हणत होतो. आता कागद हातात आहे तरी वाचून दाखवणार नाही. दोघींसमोर तोंडानेच बोलतो.

शेखरचा बाप,
सावळीराम