ब्रेकवरचा पाय

बाबा,

तुम्हाला जाऊन तीस वर्षं झाली आणि आज मी तुम्हाला गाडीबद्दल लिहायला बसले आहे. आता गाड्या स्वतःच ब्रेक मारतात, हे तुम्ही ऐकलं असतं तर हातातला चहा खाली ठेवून म्हणाला असता, "मंग मास्तर कायले पाहिजे?" खरंच नको. माझ्या गाडीच्या स्टिअरिंगवर एक बटण आहे. ते दाबलं की गाडी पुढच्या गाडीमागे ठरलेलं अंतर राखून चालते. ती थांबली की थांबते, ती हलली की हलते. त्याला अ‍ॅडॅप्टिव्ह क्रूझ कंट्रोल म्हणतात. सोय आहे हायवेसाठी, पण मी ती आमच्या नंदनवन वस्तीतल्या गर्दीत वापरते, जिथे सध्या रस्ता खणून दोन्ही बाजूंनी पत्रे ठोकले आहेत आणि नातीच्या शाळेपर्यंत जायला पाऊण तास लागतो. जावई चारचौघांत माझं कौतुक करतो. "मी कुठे चालवते, गाडीच चालवते, मी नुसती बसते," असं मी म्हणते आणि सगळे हसतात. मी खरं सांगत असते, हे त्यांच्यातल्या एकालाही ठाऊक नाही.

माझ्या उजव्या पायाला आता काही कळत नाही, बाबा. तुमची शुगर माझ्याकडे आली, तुमचं नाक आलं तशीच. डॉक्टरांनी मला डोळे मिटायला लावले. मी तळव्याला काही टोचण्याची वाट पाहत होते, तर ते म्हणाले, झालं, उघडा डोळे. पाच ठिकाणी टोचून झालं होतं. गाडी आजपासून बंद, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. घरी येऊन मी लेकीला म्हटलं, डॉक्टर म्हणाले रोज थोडं चालत जा. इतकं सरळ खोटं मला इतक्या सहज बोलता येतं, हे मलाच नवीन होतं.

तुम्ही अर्ध्या वस्तीला गाडी शिकवलीत. शिकवणीच्या त्या पांढऱ्या गाडीत डाव्या बाजूलाही एक ब्रेक होता, तुमच्या पायाशी. मला शिकवत होतात तेव्हा एकदा कोपऱ्यावर बकरी आडवी आली आणि गाडी जागच्या जागी थांबली. मी घाबरून तुमच्या पायाकडे पाहिलं. तुम्ही खिडकीबाहेर बघत म्हणालात, "तूच मारला वं. मी तं पाय बी नाही हलवला." मी महिनाभर कॉलर ताठ करून फिरले. ब्रेक तुम्हीच मारला होता, हे कळायला मला फार दिवस लागले नाहीत, पण तोवर मला गाडी येत होती.

आणि मग तो मे महिन्यातला दिवस. तुम्ही दुपारी जेवायला घरी आलात, एका पायात चप्पल आणि दुसरा अनवाणी. शिकवणीच्या ऑफिसपासून घरापर्यंतचं डांबर नुसतं तापलेलं. आई दारातच म्हणाली, "दुसरी कोनाले देऊन आले?" मी ताट वाढता वाढता हसले. तुम्ही खाली पाहिलंत, आपल्याच पायाकडे, परक्याच्या पायाकडे पाहावं तसं. मग तुम्हीही हसलात. तळव्याला फोड आले होते ते आईला रात्री दिसले आणि तिने हळद लावली. आम्ही तिघंही शहाणी माणसं, आणि तिघांनाही त्यात फक्त गंमत दिसली.

त्यानंतर तीन आठवड्यांनी एका शिकाऊ मुलीच्या हातून गाडी सायकलवरच्या बाईवर गेली. बाई वाचली, मांडीचं हाड मोडलं. तुम्ही घरी येऊन ओट्याशी उभे होतात आणि पुन्हा पुन्हा एकच सांगत होतात. "मी ब्रेक मारला होता. पुरा दाबला होता." मी तेव्हा नुकती नोकरीला लागलेली, तोंडाने फटकळ, घरातली एकटी शिकलेली. मी म्हटलं, "मंग गाडी थांबली काहून नाही? बाबा, खोटं कायले बोलून राहिले?" तुम्ही म्हणालात, "मारला होता वं माय." मी खिळ्यावरची किल्ली काढली आणि माझ्या कपाटात ठेवून कुलूप लावलं. तुम्ही ती एकदाही मागितली नाहीत. पुढचं दीड वर्ष तुम्ही व्हरांड्यातल्या खुर्चीत बसलात, आणि कोपऱ्यावर एखादी गाडी जोरात आली की तुमचा उजवा पाय फरशीवर दाबला जायचा. मी ते रोज पाहत होते. किल्ली परत दिली नाही ते बरोबरच होतं. पण खोटारडे म्हटलं होतं, ते मी परत घेतलं नाही, आणि तुम्ही गेलात.

आज दुपारची गोष्ट सांगते. नात मागच्या सीटवर, डबा उघडून उरलेला पराठा खात होती. पत्र्यांच्या मधल्या अरुंद रस्त्यात रांग हलत थांबत चालली आहे, माझी गाडी पुढच्या ट्रकच्या मागे आपली आपण सरकते आहे, आणि मी दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून बसले आहे. ट्रक थांबला, आम्ही थांबलो. ट्रक पुढे गेला आणि त्याच क्षणी पत्र्याच्या फटीतून टरबुजांचा ठेला आमच्या मधल्या जागेत शिरला, ढकलणारा माणूस वाकलेला. गाडीला ट्रक गेलेला दिसला, ठेला दिसला नाही. ती निघाली. मी ब्रेक मारला, बाबा. मांडी भरून येईपर्यंत दाबला. गाडी चाललीच होती. मग तिचं तिला काय कळलं कोण जाणे, कर्कश पीं-पीं झालं आणि ती धाडकन थांबली, ठेल्यापासून हातभर अंतरावर. पराठा उडून पुढे आला.

तो माणूस काचेशी आला. साठीचा असेल. मी काच खाली केली, शिव्या खायच्या तयारीने. त्याने मागे पोरीकडे पाहिलं, घाम पुसला आणि म्हणाला, "टाइमावर मारला ब्रेक, ताई. दुसरं कोणी असतं तं मी गेलोच होतो." मी त्याला "हो" म्हटलं. नुसतं हो.

गाडी बाजूला घेतली तेव्हा नात वाकून म्हणाली, "आजी, तुझी चप्पल निघाली." चप्पल मॅटवर उलटी पडली होती. माझा अनवाणी पाय ब्रेकच्या शेजारी, खालच्या पत्र्यावर रेटलेला होता, अजूनही, सगळा जोर लावून. डोळ्यांनी पाहिलं तेव्हा कळलं. पाहिलं नसतं तर मीही कोणाहीपुढे शपथेवर सांगितलं असतं की मी ब्रेक मारला होता, पुरा दाबला होता.

तुम्ही खोटं बोलत नव्हता. एवढं एक वाक्य तुम्हाला हवं होतं, आणि ते माझ्याकडे आलं ते असं.

आता मी काय करायला हवं ते मला माहीत आहे. तुमच्या वेळी मला ते एका मिनिटात कळलं होतं. पण किल्ली दिली की दुपारचा तो पाऊण तास गेला, मागच्या सीटवरची बडबड गेली, आणि उरली ती खुर्ची. त्या खुर्चीत माणूस कसा संपतो ते मी दीड वर्ष पाहिलं आहे. मला भीती वाटते, बाबा, आणि त्या भीतीपायी मी पाच वर्षांच्या पोरीला मागे बसवून फिरते आहे. यापेक्षा वाईट मी आयुष्यात काही केलेलं नाही.

हे पत्र घरात ठेवता येणार नाही. लेकीच्या हाती लागलं तर मी तुमचं केलं तेच ती माझं करेल, आणि तिने ते करायलाच हवं. म्हणून लिहून झालं की फाडणार आहे. उद्या शाळा बारा वाजता सुटते.

एक सांगायचं राहिलं. येताना नातीला घेऊन मी चपलांच्या दुकानात थांबले आणि मागून पट्टा असलेली, बक्कल लावायची सँडल घेतली. पायातून निघणार नाही अशी.