मुंगीने सोडलेला विषय

गुरुवार, शाळा सुटल्यावर

प्रिय धाकटोबा,

पत्र बघून दचकू नकोस. फोनवर तू दोन विनोद करतोस, मी हसते आणि मूळ गोष्ट तशीच राहून जाते, म्हणून कागद घेतला. शिपाईकाकांच्या हाती पाठवतेय, म्हणजे आजच मिळेल. तब्येत बरी आहे, टाक्यांची जागा आता ओढत नाही. पण गेला आठवडाभर मला भीती वाटतेय, आणि ती तुझ्याशिवाय कुणाला सांगता येत नाही.

शनिवारी आमच्या नववीची सादरीकरणं आहेत. सभागृहात खाली मुलं बसणार आणि वर गॅलरीत पालक, दोनशेच्या आसपास. माझी पद्धत तुला ठाऊक आहे. मी विषय देत नाही. ज्याने त्याने आपली कल्पना वर्गासमोर मांडायची आणि बाकीच्यांनी ती खोडून काढायची. टिकली तर सादर करायची. पहिल्या दिवशी मुलं रडकुंडीला येतात, दुसऱ्या आठवड्यात एकमेकांच्या नाकी नऊ आणतात. विरोधी बाजू कमी पडली की मी स्वतः तिकडे जाऊन बसते. लहानपणी जेवताना तुझ्याशी वाद घालायचे ना, अगदी तशी. तू चिडून ताटावरून उठायचास आणि आई मलाच रागवायची.

वर्गात एक मुलगी आहे, तिला सगळे मुंगी म्हणतात. चण लहान, बोलणं कमी, पण एखाद्या गोष्टीमागे लागली की सोडत नाही. तिने विषय आणला, आपली गॅलरी पडेल का? वर्ग खो खो हसला. गॅलरी भिंतीला मिळते तिथे एक भेग आहे. मुंगीने त्या भेगेवर कागदाच्या आडव्या पट्ट्या चिकटवल्या होत्या, प्रत्येकीवर तारीख घालून. भेग रुंदावली तर कागद फाटणार, एवढं साधं. पाचांपैकी तीन फाटल्या होत्या, आणि तिने त्या वहीत जपून आणल्या होत्या.

कुणाला विरोध सुचेना, म्हणून मी उठले. कागद कुणी नखाने फाडला नाही कशावरून? पट्टी चिकटवतानाच ताणली गेली नाही कशावरून? ती अडखळत उत्तरं देत राहिली. मग मी कार्यालयातून पाहणीचा दाखला मागवला आणि मोठ्याने वाचला. सभागृह व गॅलरी वापरास सुरक्षित, खाली अभियंत्याची सही. अभियंत्याला जास्त कळतं की तुला, असंही विचारलं. मुंगीने वही मिटली आणि जागेवर जाऊन बसली. दुसऱ्या दिवशी तिने नवा विषय आणला, चिमण्या कमी का झाल्या. मी तिची पाठ थोपटली. खरं सांगू? सही तुझी होती, म्हणून मला जरा मिरवायलाही मिळालं होतं.

पण फाटलेल्या त्या पट्ट्या डोळ्यांसमोरून जाईनात. सोमवारी शाळा भरायच्या आधी मी गॅलरीत गेले, स्वतः तीन पट्ट्या चिकटवल्या, दाराला कुलूप लावलं आणि किल्ली माझ्या पर्समध्ये ठेवली. आज मधल्या सुटीत उघडून पाहिलं. दोन फाटल्या होत्या. जीव मुठीत धरून भिंतीच्या कडेकडेने दारापर्यंत आले. इतकी वर्षं त्या गॅलरीत मुलांना रांगेने बसवलंय मी, धक्काबुक्की केली म्हणून कान पिळलेत.

तशीच मुख्याध्यापकांकडे धावले. माणूस भला आहे, पण त्यांनी तोच दाखला माझ्यापुढे सरकवला. म्हणाले, बाई, तुमच्याच भावाची सही आहे, तुम्हीच वर्गात वाचून दाखवलात, आता आमंत्रणं गेल्यावर काय हे? शनिवारी लागेल म्हणून किल्लीही मागून घेतली. मी शब्दांत कुणाला हार न जाणारी, पण माझाच मुद्दा अंगावर आल्यावर किल्ली काढून त्यांच्या टेबलावर ठेवली.

मग तिथेच उभं राहून मी तो दाखला पहिल्यांदा नीट वाचला. प्रत्यक्ष पाहणी केल्याची तारीख वाचली, पुन्हा वाचली. त्या दिवशी माझं ऑपरेशन होतं रे. सकाळी सातपासून तू दवाखान्यात होतास. संध्याकाळी मला चमच्याने पाणी पाजलंस, नर्सने हाकललं तेव्हा गेलास. त्या दिवशी माझ्याजवळ होतास, म्हणून तर मी वाचले असं मी सगळ्यांना सांगत फिरते. आता ते सांगायचीही भीती वाटते. तुझं काय होईल, वहिनीला तू काय सांगशील, तू पुन्हा माझं तोंड पाहशील का, सगळं मनात येऊन गेलं. आणि दर वेळी त्या दोनशे माणसांवर येऊन मन थांबलं.

आत्ता शाळा सुटताना मुंगीला थांबवून तिची माफी मागितली. तुझा विषय परत घे म्हटलं. तिने विचारलं, बाई, मग तो अभियंता खोटारडा आहे का? मी म्हटलं, नाही गं, फार चांगला माणूस आहे, फक्त त्या दिवशी तो इथे आला नव्हता. तिने लगेच विचारलं, कशावरून? शिकवण माझीच, काय बोलणार! मी म्हटलं, उद्या दुपारी सांगते, तुला आणि मुख्याध्यापकांना एकदमच. तोवर सभागृह बंद आहे. धाकटोबा, तू उद्या सकाळी ये. भेग स्वतः बघ, आणि गॅलरी बंद करा हे तू स्वतः सांग. नाही आलास, तर दुपारी मी सांगेन. ये रे. मला ते माझ्या तोंडून सांगायला लावू नकोस.

तुझीच,
ताई