अमोनियावरची जीप

१८ मार्च १९८६

धाकट्या भावाची जीप चालली! पेट्रोल फक्त सुरू करायला, पुढे आमच्या बर्फाच्या कारखान्यातला अमोनिया. सायलेन्सरच्या उष्णतेने अमोनिया फुटतो आणि त्यातला हायड्रोजन इंजिनात जळतो — सिद्धलिंगने अप्पांना चार वेळा समजावलं. अप्पा लहान लेकरासारखे ऐकत होते. माझं, थोरल्या लेकाचं, बोलणं त्यांनी कधी पुरतं ऐकलंय?

२० मार्च

बर्फ न्यायला आलेली गिऱ्हाइकंही जीपभोवती. "नागप्पाशेठ, भाऊ लय हुशार हाय तुमचा." हसलो. बर्फ तोलायला लागलो.

२ एप्रिल

बसवजयंतीला अप्पा कारखाना आम्हा दोघांपैकी एकाच्या हाती देणार. आज म्हणाले, "सिद्धूचं डोकं लय चालतंय. गावातल्या गाड्या बदलून देऊ. गॅस तर घरचाच हाय, एक सिलिंडर आणला की दोन वर्षं बघायचं काम न्हाई."

इतकी वर्षं पहाटे उठून बर्फाच्या लाद्या मी काढतो — आणि कारखाना त्याला! जेवलो नाही. बायको म्हणाली, "पाठच्या भावावर एवढं जळू नये." जळतो. काय करू?

९ एप्रिल

सापडलं! बर्फाच्या यंत्रात तोच अमोनिया फिरून फिरून येतो, म्हणून दोन वर्षं पुरतो. जीपमध्ये तो जळून जातो. अप्पांच्या हे ध्यानातच नाही. बर्फ तोलायच्या काट्यावर जीपचा सिलिंडर तोलला, सिद्धूला झरी गावाला जाऊन यायला लावलं, पुन्हा तोलला. सात किलो गेला होता. पेट्रोलपेक्षा दीडपट खर्च.

किती दिवसांनी भाकरी गोड लागली.

१० एप्रिल

अप्पांसमोर सगळं मांडलं. सिद्धूचं तोंड उतरेल म्हणून बघत होतो. तो म्हणाला, "अण्णा बराबर म्हणायलाय. मला ठाऊक होतं ते. चालती का, तेवढंच बघायचं होतं मला." वर हसला. त्याच्या हसण्याचा सगळ्यात जास्त राग आला.

१२ मे

बसवजयंती. कारखान्याच्या किल्ल्या माझ्या हातात. सिद्धू पुण्याला गेला, मोटारीच्या कंपनीत. जीप इथेच. स्टेशनवर अप्पा त्याच्या गळ्यात पडून रडले. मला किल्ल्या देताना जीपकडे बोट दाखवून म्हणाले, "गंजू देऊ नको."

१९ मे

कोणाला न सांगता जीप अमोनियावर झरीपर्यंत नेली. खर्च दीडपटच. तरी उद्या त्याहून लांब, वालूरला नेणार.