चिखल्याच्या शेपटीची लव

तीर्थरूप मामांच्या पायांशी,

साष्टांग नमस्कार. आठ वर्षांनी माझं अक्षर पाहून दचकू नका, घरात सगळे धडधाकट आहेत. मामींचा गुडघा कसा आहे, तुमचा खोकला गेला की तुमच्यासारखाच हट्ट धरून बसलाय, हे सगळं विचारायचं आहे आणि मनापासून विचारायचं आहे. पण सध्या माझं डोकं इतकं फिरलेलं आहे की माझ्या हातून चौकशी नीट व्हायची नाही, तेव्हा ती झाली असं समजावं. (चौकशीचा मजकूर तुमची भाचेसून लिहिणार होती. पण ती सकाळपासून फोनवर लोकांची मतं वाचून हसते आहे, तिच्या हातात पेन देण्यात अर्थ नाही.)

तर मामा, मी एका सिनेमासाठी राक्षस शिवला. धंदा बदललेला नाही, दुकानात अजून सोफे आणि खुर्च्याच होतात. पण आपल्या दुकानाच्या वरच्या मजल्यावरच्या चष्मेवाल्याचा जावई सिनेमे काढतो (आजवर त्याने शाळांची स्नेहसंमेलनं काढली, पण तो स्वतःला दिग्दर्शक म्हणवतो आणि सासरेही नाइलाजाने म्हणतात). तो सासऱ्यांची खुर्ची दुरुस्तीला घेऊन आला आणि कोपऱ्यातल्या फोमच्या तुकड्यांच्या ढिगाकडे बराच वेळ बघत उभा राहिला. मला वाटलं, खुर्चीत काय भरणार ते बघतोय. तर म्हणाला, याचा राक्षस होईल. सिनेमाचं नाव ‘चिखल्या’. तलावाच्या गाळातून एक प्राणी वर येतो आणि सहलीला आलेल्या मंडळींना एकेक करून खातो, एवढीच गोष्ट. मी हो म्हटलं. का म्हटलं ते विचारू नका. तीस वर्षं लोक माझ्या कामाकडे पाठ करूनच बसले, एकदा तरी कोणी समोरून बघावं असं वाटलं असेल.

आता चूक कुठे झाली ते तुमच्यापासून लपवत नाही. राक्षसाच्या आत एक पोहण्याचे मास्तर शिरणार होते. मी त्यांचं माप घेतलं, आणि माप घेताना सवयीने त्यांना बसवलं. माणसाला उभं करून माप घेतात हे शिंप्यांचं, आपल्या धंद्यात माणूस म्हणजे बसणारा. मांडीची लांबी, पाठीची उंची, कोपर कुठे टेकतं, सगळं काटेकोर घेतलं. राक्षस तयार झाला, मास्तर आत गेले, आणि ते बसले की राक्षस अंगाला असा बेतात बसे की बघत राहावं. फक्त उभं राहता येईना. गुडघे वाकलेलेच, पाठ मागे रेललेली. दिग्दर्शकाने कपाळाला हात लावला आणि मग गोष्टच बदलली. आमचा चिखल्या पळत नाही, झडप घालत नाही. तो येतो आणि माणसावर बसतो. पाठीला बटणं का लावली, असं त्याने मागाहून विचारलं. आता बटण-टाके घातले नाहीत तर फोम सरकून खाली जमतो हे मी त्याला कुठे समजावत बसू? लावली. बारा लावली.

पुढचं ऐका. चिखल्याला पाण्यात घालायचं नाही, नुसता काठावर बसवायचा, असं ठरलं होतं. पण ऐन वेळी दिग्दर्शकाच्या अंगात आलं आणि त्याने मास्तरांना तलावात उतरवलं. फोमने अर्धा तलाव पिऊन टाकला. पट्टीचा पोहणारा माणूस कमरेएवढ्या पाण्यात बसला तो उठेचना. शेवटी सहलीतले जे चौघे गोष्टीत आधीच खाल्ले गेले होते, त्यांनी मिळून राक्षस ओढून काढला आणि मास्तर बाहेर आल्यावर वर उभं राहून पायांनी पिळला. मग तीन दिवस तो आमच्या गच्चीवर वाळत होता. तिथे पाण्याचा मीटर वाचायला येणारी बाई वर चढली, तिने चिखल्या कठड्याला रेलून बसलेला पाहिला आणि जी किंचाळली ती खालच्या चौकातल्या लोकांनी ऐकली. मामा, चिखल्याला पाहून मनापासून घाबरलेलं एकच माणूस आजवर निघालं, आणि तिने चित्रपट पाहिलेलाच नाही. तिचं मत कुठेही नोंदलेलं नाही, याची मला फार चीड येते.

कारण बाकी सगळ्यांची नोंदलेली आहेत. चित्रपट फोनवर दिसतो आणि खाली ज्याला जे सुचेल ते लिहायची सोय असते. सोय कसली, मोकाट सुटलेत सगळे. एकाने लिहिलंय की राक्षसाला कंबरदुखी आहे, त्याला आधी वैद्याकडे न्या. एकीने लिहिलंय की तिला तिसऱ्या बळीचा हेवा वाटला, किती मऊ मरण आलं त्याला. एका गृहस्थाने पाठीवरची बटणं मोजून बारा आहेत असं जाहीर केलं आणि चित्रपटाबद्दल एक अक्षर लिहिलं नाही. आणि एका बाईंनी, मामा, सरळ विचारलंय की हा राक्षस तीन जणांना बसेल असा मिळेल का आणि रंग कोणते आहेत. (तुमच्या भाचेसुनेने त्यांना दुकानाचा पत्ता कळवला. मी तिच्याशी काल दिवसभर बोललो नाही. बाई उद्या येतायत.) पाच ताऱ्यांपैकी बहुतेकांनी एक दिलाय, आणि तोसुद्धा एक देणं सक्तीचं आहे म्हणून.

हे मी हसण्यावारी नेलं असतं. पण चित्रपटाचा दुसरा भाग निघतोय, आणि दिग्दर्शकाने स्वच्छ सांगितलंय की मतं अशीच आली तर या वेळचा राक्षस तो संगणकावर काढून घेणार. म्हणजे ज्याने या कामात कधी सुई धरली नाही असा कोणीतरी पडद्यासमोर बसून माझ्या चिखल्याला हद्दपार करणार. नऊ आठवडे मी त्याच्यावर घालवलेत. दुकान बंद झाल्यावर बसायचो, डोळ्यांना चष्मा लागला, तोही वरच्याकडूनच घ्यावा लागला.

आणि या सगळ्यांत एक मत असं आहे की ते वाचून माझं जेवण गेलं. त्या माणसाला कंबर दिसली नाही, बटणं दिसली नाहीत, त्याने लिहिलंय, “शेपटीची लव उलटी लागली आहे.” बस. मखमलीची लव, मामा. ती खालच्या दिशेने हात फिरवला तर मऊ लागते आणि वर फिरवला तर विस्कटते, हे आपल्याला माहीत. पण सिनेमा बघणाऱ्या माणसाने शेपटीच्या लवेत कशाला पडावं? शेपूट सबंध चित्रपटात दोनदा दिसते, तीही अंधारात आणि ओली. असल्या माणसाला काय म्हणावं? जन्मात कोणाला बरं म्हणणं माहीत नसेल त्याला. घरच्यांना किती छळत असेल, याचा विचार करून मला त्याच्या बायकोची दया आली. तुम्ही या धंद्यात माझे गुरू, म्हणून विचारतो, उलटी लव अंधारात कोणाला तरी दिसेल का? मला न्याय हवा आहे, म्हणून हे पत्र. बाकी सर्व क्षेम.

आपला संतापलेला भाचा

ता. क. लव उलटीच लागली आहे. कापड कमी पडलं होतं, तुकडा फिरवून लावला. मला लावतानाच कळलं होतं. कोणाला दिसणार नाही असं वाटलं.

ता. क. २. त्या मतात आणखी एक ओळ आहे, ती मी वर मुद्दाम लिहिली नाही. “जबड्याचं अस्तर मात्र हाताने शिवलेलं आहे, एकही पीन नाही.” मामा, मी दुकानात पिना मारायची बंदूक आणली त्या दिवशी तुम्ही सुयांची डबी खिशात घातलीत आणि पायऱ्या उतरून गेलात ते आजतागायत आला नाहीत. चिखल्याचा जबडा शिवताना ती बंदूक हाताशीच होती. उचलावीशी वाटली नाही. हे जगात कोणाच्या लक्षात येईल असं मला वाटलं नव्हतं. त्या मताशेजारी चिमुकला फोटो आहे, खुर्चीत झोपलेल्या मांजराचा. मांजर माझ्या ओळखीचं नाही. खुर्ची आहे. डाव्या हातावरचा टाका वाकडा गेलेली ती मी चौदाव्या वर्षी शिवलेली पहिली खुर्ची, आणि तुम्ही तेव्हा ती उसवून टाकली असं मला सांगितलं होतं. (मामींची मला दया आली असं वर लिहिलंय, ते त्यांना वाचून दाखवू नये.)

ता. क. ३. तुम्ही दोन तारे दिलेत. मी हाताखाली होतो त्या अकरा वर्षांत तुम्ही एकही दिला नव्हता.

ता. क. ४. खरं काम आता लिहितो. दुसऱ्या भागात चिखल्याला पिल्लू आहे. ते संगणकावर जायच्या आत शिवून दाखवायचं आहे आणि ते माझ्या एकट्याच्याने व्हायचं नाही. शेपूट तुम्ही शिवा, माप उभं करून मी घेतो. वाकडी सुई घेऊन या, माझी मोडली. बंदूक मी माळ्यावर टाकली आहे. (अजून टाकलेली नाही. पण हे पत्र पेटीत टाकायला निघायच्या आधी टाकतो.)