न मरणाऱ्याची गाणी

प्रिय शबाना,

काल तू गेल्याच्या चाळिसाव्या दिवशी दासगावला तुझ्या घरी गेले होते. तिथून आल्यापासून तुझ्याशी भांडायचंय. भांडायला तू नाहीस, म्हणून लिहितेय.

तुझ्या भाईने मस्कतहून पाठवलेल्या गॉथिक गाण्यांच्या त्या कॅसेट आठवतात? महाडला कॉलेज सुटलं की मी पोलादपूरची एसटी मुद्दाम चुकवायचे आणि तुझ्याबरोबर यायचे. जड गिटार, चर्चमधल्यासारखी पेटी, आणि रडवेल्या आवाजात गाणारी ती बाई. इंग्रजी तुझं चांगलं. कॅसेट थांबवून थांबवून तू मला अर्थ सांगायचीस.

तुझं आवडतं गाणं व्हॅम्पायरचं. तो मरत नाही. बायको जाते, मुलं जातात, नातवंडंही जातात, हा आपला तसाच. मला त्याचा हेवा वाटायचा. तू म्हणालीस, "रक्त दुसऱ्याचं आणि जगायचं आपण. लाज वाटत असेल गो त्याला."

मी काय म्हणाले होते? "एवढी लाज वाटते तर मरावं की सरळ."

तू हसलीस आणि कॅसेटची बाजू बदललीस. तेव्हा का नाही बोललीस?

दर महिन्याला तू मुंबईला मावशीकडे, तुझ्या खालाकडे जायचीस. परतलीस की चेहऱ्यावर जरा तजेला असायचा. खाला चांगलं खायला घालते वाटतं, असं मी म्हणायचे. तू तिच्या बिर्याणीचं वर्णनही करायचीस, तेही किती रंगवून!

काल तुझ्या अम्मींकडून कळलं, तुझ्या अंगात रक्तच तयार होत नव्हतं. दोन वर्षं मुंबईला नेऊन रक्त चढवत होते. भाईचे मित्र, शेजारी, ओळखीपाळखीचे सगळे देऊन आले. मी सोडून. माझं चाललं नसतं? की माझ्या त्या एका वाक्यानंतर मला विचारायचंच नाही, असं ठरवलंस?

मग अम्मींनी माझा हात धरला. म्हणाल्या, "शबाना सांगायची, सुनंदाला सगळं ठाव हाय. तुझ्या भरवशावर मी तिला बाहेर सोडायचे गो."

म्हणजे माझ्याशी खोटं, आणि माझं नाव घेऊन त्यांच्याशीही खोटं. मी 'हो' म्हणून मान हलवली. दुसरं काय करणार होते? परतताना एसटीत तुझा इतका राग आला की रडूही येईना.

तो अजून गेलेला नाही. जाईल असंही सांगत नाही. पण आपली लेक एकटी नव्हती, एवढाच अम्मींना आधार उरलाय. मला काहीच ठाऊक नव्हतं, हे त्यांना मी कधी कळू देणार नाही.

तुझ्यावर रागावलेली, तरी तुझीच,
सुनंदा